कोपरातून निघालेलं नख

"निघालं! निघालं!"

आरोळी उठली तशा पुढे बसलेल्या बायका गुडघ्यांवर उभ्या राहिल्या. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. घड्याळवाल्याच्या दुकानामागची ती लांबट खोली. तिला एक खिडकी, एक पंखा, आणि आत इतकी माणसं कोंबलेली की पंख्याचा वारा पहिल्या रांगेतल्या टकलांनाच काय तो मिळत होता. मधोमध स्टुलावर माझी भाची चिंगी बसली होती, उजवी बाही वर खोचून. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. तिच्यासमोर उभा होता नखबाबा, आणि त्याच्या तेलकट चिमटीत मांजराचं एक वाकडं, पिवळट नख.

नखबाबाच्या अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट आणि गळ्यात मण्यांची माळ. म्हणजे दोन्हीकडची गिऱ्हाइकं सांभाळायची सोय! त्याने नख पितळी ताटलीत टाकलं, टण्‌ आवाज झाला, आणि त्याची टकळी सुरू झाली.

"बघा, नीट बघा! हे नुसतं नख नाही, हा सूक्ष्म चुंबक आहे. मांजर ओरखडतं, नखाचं टोक आत राहतं. रक्तात पोहत पोहत जातं आणि गाठीत घर करतं. मग ते ताप खेचतं, भूक खेचतं, झोप खेचतं. एक्स-रेत दिसतं का? नाही! सोनोग्राफीत दिसतं का? नाही! मग दिसतं कुठे?" त्याने आपली दहा बोटं सगळ्यांसमोर नाचवली. "इथे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा तर डोळे पुसत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नाकावर माशी बसू देत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती खरी आहे. मी जागेवरून विचारलं, "नख बाहेर आलं म्हणता, मग कातडी कुठे फुटली? रक्ताचा थेंब कुठे आहे?"

बाबा गोड हसला. "बाई, सूक्ष्म वस्तू सूक्ष्म वाटेनं येते."

"ताटलीत पडताना तर चांगली जाडजूड वाजली!"

माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "ताई, गप्प बस ना गं. पोरीचं भलं होतंय ते बघवत नाही का तुला?"

झालं होतं ते असं. धाकटी आणि तिचा नवरा, आमचे मेव्हणे, दोघं एका बाइंडिंगखान्यात कामाला. मेव्हणे कागद कापायच्या मशीनवर, धाकटी पुस्तकं शिवायला. छापून आलेल्या कागदांच्या घड्या एकावर एक ठेवून सुईदोऱ्याने मधोमध शिवायच्या, मग पाठीला सरस, म्हणजे दाट गोंद, लावायचा, मग पुठ्ठा. पुस्तकांना लागते खळ, खळ असते पिठाची, पिठामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. म्हणून तिथे कायम एक मांजरी पाळलेली. तिला तेव्हा पिल्लं झाली होती. चिंगी शाळा सुटली की आईकडे जायची आणि कात्रणांच्या ढिगात पिल्लांशी खेळत बसायची. हातभर ओरखडे घेऊन घरी यायची. दोनेक आठवड्यांनी कोपरात गाठ आली, थोडा ताप येऊ लागला, पोर मलूल झाली.

आधी तिला डॉक्टरकडेच नेलं होतं, मीच नेलं होतं. डॉक्टरबाईंनी गाठ दाबून पाहिली, हातावरचे ओरखडे पाहिले, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "मांजराच्या नखांतून बार्टोनेला नावाचा जीवाणू शिरलाय. मांजराच्या अंगावरच्या पिसवांमधून तो नखांत येतो. गाठ म्हणजे शरीर त्याच्याशी लढतंय. बहुतेक मुलांमध्ये हे आपोआप बरं होतं, दोन-तीन महिने लागतात. फार दुखलं, ताप वाढला, गाठ लाल झाली तर लगेच या. आत्ता काही करायला नको."

काही करायला नको! या शब्दांनी आमचा घात केला. घरी येताच धाकटी फणकारली, "काही करायला नको म्हणजे काय? मग डॉक्टर कशाला झाली ती? गोळी नाही, इंजेक्शन नाही, साधी मलमाची डबी नाही. आई आहे मी, हातावर हात ठेवून बसू?" बाइंडिंगखान्यातल्या सरस लावणाऱ्या काकू टपून होत्याच. त्यांनी पत्ता दिला. बाबा काही मागत नाही, म्हणाल्या, दाराशी डबा ठेवलाय, ज्याची त्याची इच्छा.

आणि नख निघाल्यावर झालं काय? दोन महिन्यांत चिंगीची गाठ विरघळली. ताप गेला, पोर हुंदडायला लागली. होणारच होती! डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच हिशेबाने ती बरी झाली. पण डॉक्टरांनी नुसतं सांगितलं होतं, बाबाने तेल चोळलं होतं, दाबलं होतं, ताटली वाजवली होती. धाकटीने अख्ख्या बाइंडिंगखान्याला हकिकत ऐकवली. तिथे पिल्लांनी आणखी दोघींना ओरखडलं होतं, त्यांनाही गाठी आल्या होत्या. त्याही बाबाकडे गेल्या, त्यांचीही नखं निघाली, त्याही यथावकाश बऱ्या झाल्या. बाबाने दुखणंच असं निवडलं होतं की जे त्याच्याशिवायही बरं होतं. त्यामुळे त्याचा माणूस सहसा मरत नव्हता आणि त्याचा शब्द सहसा खोटा पडत नव्हता.

हे मी धाकटीला समजावलं. कागदावर चित्र काढून समजावलं. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझं सगळं बरोबर असेल गं ताई. पण गाठ गेली ना?"

"अगं, जाणारच होती!"

"तेच म्हणतेय मी. गेली ना?"

मी हात टेकले.

यात नुसतं हसण्यासारखंच सगळं असतं तर मी इथेच थांबले असते. पण मग त्या मांजरीने धाकटीला चावलं.

मांजरीला पुन्हा पिल्लं झाली होती आणि मालकांना कात्रणांचा ढीग हलवायचा होता. धाकटी एकेक पिल्लू उचलून टोपलीत ठेवत होती, तेवढ्यात मांजरी धावून आली आणि तिने उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला, अगदी मुळाशी, दात लावले. दोन बारीक भोकं पडली. सुई टोचावी तेवढी. रक्त म्हणाल तर थेंबभर. आता कुठलाही शहाणा माणूस नळाखाली हात धरेल. पण बाइंडिंगखान्यातल्या माणसांची एक रीत आहे. कागदाने बोटं सतत कापतात, आणि पांढऱ्या पानावर रक्ताचा ठिपका पडला की ती घडी वाया. म्हणून बोट कापलं की ते सरसाच्या भांड्यात बुडवायचं. सरस सुकतो, जखम बंद होते, काम चालू राहतं. सगळे हेच करतात, मेव्हण्यांच्या दोन्ही हातांवर सरसाच्या खपल्या असतात. कागदाच्या कापाला हे कसंबसं चालून जातं. धाकटीने मांजराच्या चाव्यावरही सरसच लावला, आणि संध्याकाळपर्यंत शिवत बसली.

मांजराचे दात सुईसारखे. भोक बारीक पडतं पण खोल जातं, पार स्नायूच्या दोरीपर्यंत. दातांवरची घाण आत सोडली जाते आणि वरचं तोंड लगेच मिटतं. इथे तर ते सरसाने आणखी पक्कं बंद केलेलं. आत जे गेलं होतं त्याला बाहेर यायला वाटच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले. मी वरच्या मजल्यावर राहते, ही मंडळी खाली. धाकटी स्वयंपाकघरात डाव्या हाताने पातेलं उतरवायची धडपड करत होती.

"हात दाखव," मी म्हणाले.

"काही नाही गं."

"दाखव म्हटलं ना!"

बोट केळ्यासारखं सुजलं होतं, तांबडंलाल, आणि किंचित वाकडं. मी हलकेच सरळ करायला गेले तर ती किंचाळली. बोटाच्या मुळाशी सरसाची चकचकीत टिकली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिंगीच्या वेळी मी डॉक्टरबाईंना सगळं खोदून खोदून विचारलं होतं. ओरखड्याचं सांगून झाल्यावर त्यांनी मुद्दाम बजावलं होतं, "चावा मात्र वेगळा. मांजर हाताला चावलं तर त्याच दिवशी यायचं, एक रात्रसुद्धा थांबायचं नाही."

"चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"मी दुपारी जाऊन आले," धाकटी म्हणाली.

"डॉक्टरकडे?"

तिने नुसता हात वर केला. तिच्या मनगटाला काळा दोरा बांधलेला होता, इतका घट्ट की कातडीत रुतला होता. बाबाने बोटातून नख काढलं होतं. चावलं होतं दातांनी, निघालं नख! ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. वर बाबाने ताकीद दिली होती: पाणी लावायचं नाही, आणि लोखंड तर मुळीच जवळ येऊ द्यायचं नाही. सुई नको, सुरी नको, कात्री नको. लोखंड लागलं की चुंबक उलटा फिरतो आणि बोट जातं.

किती धूर्त असावं माणसाने! सुई नको म्हणजे इंजेक्शन नको. सुरी नको म्हणजे डॉक्टर नको. एका वाक्यात त्याने दवाखान्याचं दार बंद केलं आणि वर त्याला शास्त्राचं नाव दिलं.

मी ओरडले, रडले, पाया पडले म्हटलं तरी चालेल. मेव्हण्यांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा तिला." ते बिचारे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "ताई, माझं काही चालतं का? आणि चिंगीचं तर आपण डोळ्यांनी पाहिलं ना..." मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि तो धाकटीच्या कानाला धरला. त्या म्हणाल्या, लगेच या, उशीर करू नका. धाकटीने हो-हो म्हटलं आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"ताई," ती अगदी शांतपणे म्हणाली, "हे बोट म्हणजे माझं काम आहे. मी सोळाव्या वर्षापासून शिवतेय. डॉक्टर कापाकापी करणार, मला माहितीये. बाबा म्हणतो, न कापता जाईल. तू माझ्या जागी असतीस तर कुणाचं ऐकलं असतंस?"

मोठ्या माणसाला उचलून नेता येत नाही. ती शुद्धीत होती, शहाणी होती, आणि नाही म्हणत होती. त्या रात्री मला ती खालच्या खोलीत कण्हताना ऐकू येत होती, आणि मी वर बसून काहीही करू शकत नव्हते.

सकाळी ती बाबाकडे दोरा बदलायला निघाली. मग मी ठरवलं, तिच्याशी बोलून उपयोग नाही, त्याच्याशीच बोलायचं. शाळेत रजा टाकली, प्रयोगशाळेतला नालेच्या आकाराचा चुंबक पर्समध्ये घातला आणि तिच्या मागोमाग गेले. चिंगी माझा हात धरून होती.

खोली तशीच गच्च भरलेली. मी सरळ पुढे जाऊन स्टुलावर बसले आणि डावी बाही वर केली. माझ्या दंडावर चरबीची एक गाठ आहे, मी कॉलेजात होते तेव्हापासूनची. दुखत नाही, खुपत नाही, कधी कमी-जास्त होत नाही.

"बाबा, माझ्यावर कृपा करा," मी म्हणाले.

त्याला वाटलं, टीका करणारी बाई शरण आली. त्याचा चेहरा असा खुलला! त्याच्या डाव्या बाजूला काचेच्या बशीत तेलात भिजवलेले कापसाचे बोळे होते. त्याने त्यातला एक निवडून घेतला, गाठीवर चोळला, डोळे पांढरे केले, ओठ हलवले. मग दाबलं, पिळलं, आणि "निघालं!" टण्‌! ताटलीत नख.

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत मी थांबले.

"मंडळी," मी म्हणाले, "मला आयुष्यात मांजराने ओरखडलेलं नाही. मी मांजर हातात धरलेलं नाही. मांजर खोलीत आलं तरी मला शिंका येतात. ही नुसती चरबीची गाठ आहे, डॉक्टरांनी तपासलेली. मग हे नख कुणाचं?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, जिंकले!

"लहानपणी ओरखडलं असेल," मागून एक गृहस्थ म्हणाले.

"आमच्या घरी मांजर नव्हतं."

"शेजाऱ्यांचं असेल," दुसरी एक बाई.

"आईच्या पोटात असताना आईला ओरखडलं असेल," डोळे पुसणारा म्हातारा म्हणाला, आणि त्यावर चारजणांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं होतं माझा मुद्दा बिनतोड आहे, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला काही ना काही सुचत होतं.

मी चुंबक काढला आणि ताटलीतल्या नखाला टेकवला. नख ढिम्म हललं नाही. "नख म्हणजे तुमच्या-आमच्या केसांसारखा पदार्थ. याला कसला आलाय चुंबक?"

"हा तुमचा स्थूल चुंबक," बाबा म्हणाला. "माझा सूक्ष्म."

लोक हसले. मला हसले!

मग माझा तोल सुटला. मी ती काचेची बशीच उचलली आणि एकेक बोळा उलगडायला लागले. बाबा "अहो, अहो" करत माझा हात धरायला आला, पण मी फळ्यावरून पोरांचे खडू हिसकावण्यात वर्षं घालवलेली आहेत. पहिल्या बोळ्यात काही नव्हतं. दुसऱ्यात नख. तिसऱ्यात नख. मी ती सगळ्यांना दिसतील अशी तळहातावर धरली. एवढीच ती सगळी लीला: नख कापसात दडवायचं, कापूस गाठीवर दाबायचा, बोटांनी पिळायचं, आणि तेलावरून नख सरकून बाहेर!

"मावशी," चिंगीने नख उलटंपालटं केलं आणि मोठ्याने म्हणाली, "हे आतून पोकळ आहे. हे टरफल आहे. आमच्या मांजरीची पुठ्ठ्यांपाशी कितीतरी पडतात. ती नखं घासते ना, तेव्हा गळतात. आई झाडून टाकते ती."

पोरीने एका वाक्यात सगळं सांगितलं. मांजराची नखं वाढतात तशी जुनी साल गळून पडते, कुठल्याही मांजरवाल्या घरात केरात सापडते. तुटलेलं नख आत राहिलं वगैरे काही नसतंच.

पाच-सात माणसं उठून गेली, हे मला सांगायला हवं. एक तरुण आपल्या बायकोचा हात धरून निघून गेला आणि जाताना त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली. बाकीचे बसून राहिले. बाबाने कोटाच्या कडा सारख्या केल्या आणि दुखावल्या आवाजात म्हणाला, "लोकांची काढलेली नखं मी जपून ठेवतो, त्यांची आठवण म्हणून. यात चोरी काय केली? ज्याला पटत नाही त्याने येऊ नये. मी कुणाला बोलवायला गेलो होतो?"

"बरोबर आहे!" गर्दीतून आवाज आला. "बाई, बाहेर व्हा! आजारी माणसं ताटकळलीत इथे!"

मी धाकटीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर, चेहरा पांढराफटक. आता तरी उठेल, माझ्याबरोबर येईल, एवढीच माझी आशा होती. बाकीची खोली गेली खड्ड्यात.

"ताई, चारचौघांत लाज आणलीस," ती म्हणाली. "बोळ्यात नख असेल, मी नाही म्हणत नाही. पण चिंगीची गाठ गेली की नाही, तेवढं सांग."

 इतकं सगळं उघडं पाडून आम्ही पुन्हा तिथेच आलो होतो. आणि तेवढ्यात ती उठायला गेली आणि तिचे पाय लटपटले. मी तिची बाही वर केली तर मनगटापासून दंडापर्यंत एक लाल रेघ चढलेली. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं. तिला थंडी भरून आली, दात वाजायला लागले. आता ती नाही म्हणायच्या स्थितीत नव्हती. ती नाही म्हणू शकत नव्हती म्हणूनच मेव्हण्यांना बोलावून आम्ही तिला दवाखान्यात नेऊ शकलो. माझ्या समजावण्याने नाही.

दवाखान्यात सर्जनबाईंनी दिवा खाली ओढला. "हे चकाकतंय ते काय आहे?"

"सरस," मेव्हणे म्हणाले. "आम्ही लावतो... रक्त पानावर पडू नये म्हणून."

 त्यांनी सरस सोलून काढला आणि बोट उघडलं. मला बाहेर पाठवलं तरी पुवाचा वास आला. नंतर त्यांनी आम्हाला बाकावर बसवून सांगितलं. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जीवाणू असतात. मांजराला त्याचा त्रास नाही, पण चाव्यातून ते आपल्या बोटात खोल गेले की काही तासांत सूज येते, आणि बोट वाकवणाऱ्या दोरीच्या म्यानात शिरले की तिला आतून कुजवतात. त्याच दिवशी साबणाने धुऊन, भरपूर पाण्याखाली धरून, अँटिबायोटिक सुरू झालं असतं तर बहुधा आठवड्याभरात ती कामावर गेली असती.

"आणि मुलीला झालं होतं ते?" मेव्हण्यांनी विचारलं. "तिचं तर आपोआप..."

"ते वेगळं दुखणं, हे वेगळं. ते बहुतेक वेळा स्वतःहून निघून जातं. हे थांबत नाही."

हात वाचला. धनुर्वाताचं, रेबीजचं इंजेक्शन झालं, सलाईनमधून औषधं गेली, जीव वाचला. बोट मात्र काढावं लागलं. सर्जनबाईंनी दोन वेळा साफ करून वाचवायचा प्रयत्न केला, पण दोरी कुजली होती, रक्त पोचत नव्हतं. धाकटी शुद्धीवर आली तेव्हा तिने पट्टीकडे पाहिलं, अंगठ्याजवळची रिकामी जागा पाहिली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. मला तिचा भयंकर राग येत होता आणि तिला कुशीत घ्यावंसं वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

आता तुम्हाला वाटेल, बाबाचा बाजार उठला असेल. ऐका. बाइंडिंगखान्यात बातमी कळली त्याच दिवशी सरसवाल्या काकू म्हणाल्या, "बाबाने सांगितलं होतं, लोखंड लावू नका. लावलंत ना? गेलं ना बोट?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर हेच झालं होतं. बाबानेही मान खाली घालून, फार वाईट वाटल्यासारखं करून सांगितलं म्हणे, "त्या मास्तरीणबाईंनी घाई केली." त्याने शेजारची खोलीही घेतली. एक पंखा पुरत नव्हता. मी पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी विचारलं, बहीण स्वतः लिहून देईल का? ती देईना.

पट्टी निघाल्यावर एकदा आम्ही दोघीच होतो. धाकटी डाव्या हाताने चिंगीची वेणी घालायचा प्रयत्न करून दमली होती. चिंगी खेळायला पळाली तशी ती म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नकोस. लोखंड लागलं नसतं तर राहिलं असतं का गं बोट?"

"नाही. आणखी एक दिवस थांबलो असतो तर हात गेला असता. कदाचित तू गेली असतीस."

"मग चिंगीची गाठ?"

"आपोआप गेली."

"आपोआप कसं काही जाईल?" तिचा आवाज चढला. "कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तेव्हा कळलं की तिला माझं सगळं समजलं होतं. चित्रं समजली होती, बोळा समजला होता. पण बाबा खोटा आहे हे मान्य केलं, तर बोट उगाचच गेलं, तिच्या स्वतःच्या हट्टापायी गेलं, हेही मान्य करावं लागणार होतं. ते तिच्याच्याने होत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर माझ्याच्यानेही झालं असतं की नाही, देव जाणे म्हणायची मला सवय नाही, पण मला माहीत नाही. मी तिला जवळ घेतलं आणि काही बोलले नाही.

तुमच्याशी मात्र बोलते, कारण तुमचं अजून काही गेलेलं नाही. मांजर पाळा, खुशाल पाळा. त्याच्या पिसवांवर औषध घाला, पोरांना ओरखडलं तर साबणाने धुवा, गाठ आली तर दाखवून घ्या. आणि एखादं दुखणं बरं झालं की कुणाचे पाय धरण्याआधी स्वतःला एकच विचारा: याने काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? पण मांजर चावलं तर विचार करत बसू नका. भोक बारीक आहे, रक्त आलं नाही, उद्या बघू, असं म्हणू नका. त्यावर सरस नको, हळद नको, दोरा नको. नळ सोडा, साबण लावा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. एवढं साधं आहे हे, आणि एवढं साधं मला माझ्या सख्ख्या बहिणीला पटवता आलं नाही.